जेम्स जॉन बर्कली

जेम्स जॉन बर्कली (२१ ऑक्टोबर, १८१९ - २५ ऑगस्ट, १८६२) हे ब्रिटिश स्थापत्य अभियंता आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे पहिले मुख्य अभियंता होते. मुंबई ते ठाणे हा भारतातील पहिला प्रवासी लोहमार्ग त्यांच्या देखरेखीखाली बांधला गेला. सह्याद्रीच्या बोरघाट व थळघाट या दोन अवघड घाटांतून रेल्वे वर चढवण्यासाठी त्यांनी केलेली चढणींची आखणी हे त्यांचे सर्वांत महत्त्वाचे कार्य मानले जाते. या चढणींमुळे मुंबई बंदर एका बाजूस पुणे-सोलापूरशी, तर दुसऱ्या बाजूस खानदेश, वऱ्हाड व नागपूरशी जोडले गेले. मात्र दोन्ही घाटमार्ग पूर्ण झालेले पाहण्यापूर्वीच वयाच्या ४२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

प्रारंभिक जीवन

बर्कली यांचा जन्म लंडनमधील हॉलोवे येथे झाला. त्यांचे शिक्षण लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये झाले. त्यानंतर त्यांनी प्रख्यात रेल्वे अभियंता रॉबर्ट स्टीफन्सन यांच्या हाताखाली उमेदवारी केली. इंग्लंडमध्ये त्या काळी नवे लोहमार्ग झपाट्याने उभे राहत होते. भराव, खोदाई, पूल आणि चढ-उतार यांचा मेळ घालून कमीत कमी खर्चात मार्ग कसा न्यावा, याचा प्रत्यक्ष अनुभव बर्कली यांना याच काळात मिळाला. चर्नेट व्हॅली व ट्रेंट व्हॅली या मार्गांच्या कामांत त्यांचा सहभाग होता.

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केल्यावर तिला भारतात राहून काम पाहणारा मुख्य अभियंता हवा होता. रॉबर्ट स्टीफन्सन हे कंपनीचे लंडनमधील सल्लागार अभियंता होते. मुख्य अभियंतापदी बर्कली यांची निवड झाली आणि १८५० मध्ये ते मुंबईत दाखल झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे तीस वर्षांचे होते.

मुंबई-ठाणे मार्ग

३१ ऑक्टोबर, १८५० रोजी शीव येथे लोहमार्गाच्या कामाचा प्रारंभ झाला. मुंबई ते ठाणे हे अंतर सुमारे ३४ किलोमीटरचे होते. प्रदेश बहुतांशी सपाट असला तरी खाजण, दलदल आणि भरतीचे पाणी यांमुळे भराव टिकवणे सोपे नव्हते. पावसाळ्याचे चार महिने काम जवळजवळ ठप्प होत असे. या मार्गाचे कंत्राट फॅव्हिएल व फाऊलर या इंग्रज ठेकेदारांकडे होते.

१६ एप्रिल, १८५३ रोजी बोरीबंदर येथून ठाण्याकडे पहिली प्रवासी गाडी निघाली. साहिब, सिंध व सुलतान या तीन इंजिनांनी ओढलेल्या १४ डब्यांत सुमारे ४०० निमंत्रित प्रवासी होते. पुढील टप्प्यात ठाण्याची खाडी ओलांडणारे पूल व छोटे बोगदे बांधून १ मे, १८५४ रोजी मार्ग कल्याणपर्यंत नेण्यात आला. कल्याण येथे मार्गाला दोन फाटे फुटतात. ईशान्येकडील फाटा कसाऱ्यामार्गे थळघाटाच्या पायथ्याशी, तर आग्नेयेकडील फाटा कर्जतमार्गे बोरघाटाच्या पायथ्याशी जातो.

मोठी कामे केवळ युरोपीय ठेकेदारांवर सोपवावीत, असा त्या काळचा प्रघात होता. बर्कली यांनी काही टप्प्यांची कामे भारतीय ठेकेदारांनाही दिली. त्यांपैकी जमशेटजी दोराबजी नाईगामवाला हे पारशी ठेकेदार विशेष नावारूपाला आले. बर्कली यांनी त्यांच्या कामाची प्रशंसा केली होती.

सह्याद्रीचा प्रश्न

कोकणातून दख्खनच्या पठारावर जाण्यासाठी सह्याद्रीची सरळ उभी भिंत ओलांडावी लागते. घोडे, बैल व पालखी यांच्या वाटा शतकानुशतके वापरात होत्या, परंतु रेल्वेच्या दृष्टीने त्या निरुपयोगी होत्या. लोखंडी रुळावर लोखंडी चाकाची पकड मर्यादित असते. त्यामुळे बैलगाडी जो चढ चढू शकते, तो आगगाडीला चढता येत नाही.

कंपनीच्या आरंभीच्या प्रस्तावात माळशेज घाटातून मार्ग नेण्याचा विचार होता. बर्कली व त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटमाथ्याची व दऱ्यांची विस्तृत पाहणी केली. अखेरीस एकाऐवजी दोन घाटांतून दोन स्वतंत्र मार्ग नेण्याचा निर्णय झाला. पुणे, सोलापूर व पुढे मद्रासच्या दिशेसाठी बोरघाट, तर नाशिक, खानदेश, वऱ्हाड व उत्तर भारतासाठी थळघाट निवडण्यात आला.

बोरघाटाची वाट शिंग्रोबा नावाच्या धनगराने इंग्रज अभियंत्यांना दाखवली, अशी लोककथा प्रचलित आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात शिंग्रोबाचे देऊळ असून आजही अनेक वाहनचालक तेथे नमस्कार करून पुढे जातात. ही कथा आख्यायिकेच्या स्वरूपाची आहे. तथापि डोंगरवाटांचे स्थानिकांना असलेले ज्ञान या कामामागे होते, याची आठवण ती जागी ठेवते.

चढणीची आखणी

लोहमार्गाचा चढ गुणोत्तरात सांगितला जातो. १:३७ याचा अर्थ ३७ फूट पुढे गेल्यावर मार्ग एक फूट उंच होतो. टक्केवारीत हा चढ सुमारे २.७ भरतो. रस्त्यावरील वाहनाला तो किरकोळ वाटेल, पण रेल्वेसाठी तो अत्यंत तीव्र समजला जातो. १०० टन वजनाची गाडी या चढावर उभी असता केवळ गुरुत्वाकर्षणामुळे सुमारे २.७ टन वजनाइतक्या ओढीने ती मागे खेचली जाते. सपाट मार्गावर तीच गाडी चालती ठेवण्यासाठी याच्या एका लहानशा अंशाइतकी ओढ पुरते. त्यात वळण आले की चाकांच्या कडा रुळाला घासून विरोध आणखी वाढतो. म्हणून चढ, वळण आणि इंजिनाची शक्ती या तिन्हींचा हिशेब एकत्र करावा लागतो.

चढ सौम्य करावयाचा तर मार्गाची लांबी वाढवावी लागते आणि लांबी वाढवावयाची तर डोंगराच्या कुशीत तेवढी जागा मिळावी लागते. बर्कली यांच्यापुढील मुख्य पेच हाच होता. बोरघाटाचा पायथा समुद्रसपाटीपासून १९६ फूट, तर लोणावळ्याजवळील माथा २,०२७ फूट उंचीवर होता. म्हणजे १,८३१ फुटांची चढाई करावयाची होती. बर्कली यांनी ती सुमारे पावणेसोळा मैलांच्या लांबीत विभागली. सरासरी चढ सुमारे ४६ फुटांस एक फूट पडला, तर सर्वांत तीव्र चढ १:३७ ठेवण्यात आला.

खंडाळ्याखाली डोंगराची एक सोंड अशा रीतीने पुढे आली होती की तेथे गाडी वळवण्याइतके मोठे वळण बसवणे शक्य नव्हते. यावर उपाय म्हणून बर्कली यांनी रिव्हर्सिंग स्टेशनची योजना केली. गाडी चढ चढून या सपाट स्थानकात येई. इंजिन पुढच्या टोकाचे सोडून मागच्या टोकाला जोडले जाई आणि गाडी उलट दिशेने दुसऱ्या चढाला लागे. अशा प्रकारे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात मार्ग नेल्यामुळे मोठ्या वळणाची आवश्यकता उरली नाही. थळघाटातही हीच पद्धत वापरण्यात आली.

चढापेक्षा उतार अधिक धोकादायक असतो. ब्रेक निकामी झाल्यास गाडी अनावर होऊन दरीत कोसळण्याची भीती होती. त्यासाठी घाटात ठराविक ठिकाणी कॅच सायडिंग ठेवण्यात आले. हा मुख्य मार्गापासून फुटून उलट वर चढणारा फाटा असतो. अनावर गाडी त्यात शिरली की चढामुळे तिचा वेग आपोआप मोडतो. घाटातील इंजिनांना रुळांवर दाबून घर्षण निर्माण करणारे विशेष ब्रेकही बसवण्यात आले.

बोरघाटाचे बांधकाम

बोरघाटाचे कंत्राट विल्यम फॅव्हिएल यांना मिळाले आणि जानेवारी १८५६ मध्ये कामाला सुरुवात झाली. २५ बोगदे, ८ मोठे कमानपूल आणि असंख्य लहान पूल व मोऱ्या असे कामाचे स्वरूप होते. बोगद्यांची एकूण लांबी सुमारे ४,००० यार्ड होती. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट खडक अत्यंत कठीण असल्याने छिन्नी-हातोड्याने भोके पाडून त्यांत सुरुंगाची दारू ठासून तो फोडावा लागे. काही ठिकाणी कडा इतका सरळ होता की मजुरांना माथ्यावरून दोरखंडाने खाली सोडून लोंबकळत्या अवस्थेत भोके पाडावी लागत.

काम मुख्यत्वे ऑक्टोबर ते मे या काळात चाले. ऐन भरात १८६१ मध्ये घाटात सुमारे ४२,००० मजूर काम करीत होते. त्यांत स्त्रियांची व मुलांची संख्याही मोठी होती. डोंगरउतारावर उभारलेल्या झोपड्या, पिण्याच्या पाण्याची टंचाई आणि अस्वच्छता यांमुळे पटकीच्या साथी वारंवार उद्भवत. सुरुंगाचे अपघात, दरडी कोसळणे आणि ताप यांतही माणसे दगावत. हजारो मजूर या कामात मृत्युमुखी पडले.

मजुरांना पैसे थेट कंपनीकडून न मिळता ठेकेदार, उपठेकेदार व मुकादम यांच्या साखळीतून मिळत. वेतन थकल्यामुळे जानेवारी १८५९ मध्ये घाटात मोठी दंगल उसळली. मुंबई सरकारने तिची चौकशी केली. १८६० मध्ये मालक व कामगार यांच्यातील वेतनविषयक तंट्यांसंबंधी जो कायदा झाला, त्यामागे रेल्वेच्या कामांवरील अशा घटनांची पार्श्वभूमी होती.

मार्च १८५९ मध्ये फॅव्हिएल यांनी कंत्राट सोडले. नवे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी भारतात आले, परंतु आल्यानंतर काही दिवसांतच त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी कंत्राट स्वतःकडे घेतले आणि अनुभवी अभियंत्यांच्या साहाय्याने ते तडीस नेले.

दरम्यान घाटाच्या दोन्ही बाजूंचे मार्ग तयार झाले होते. १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत आणि १४ जून, १८५८ रोजी खंडाळा ते पुणे मार्ग सुरू झाला. मधला घाट प्रवाशांना पालखी, बैलगाडी किंवा घोड्यावरून पार करावा लागे. ही अडचण पाच वर्षे कायम राहिली. २१ एप्रिल, १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते बोरघाट मार्गाचे उद्घाटन झाले.

थळघाट

थळघाटाची चढण लांबीने कमी, सुमारे सव्वानऊ मैलांची आहे. तीत ९७२ फुटांची उंची गाठली जाते. येथेही सर्वांत तीव्र चढ १:३७ आहे. १३ बोगदे व ६ मोठे पूल असलेल्या या मार्गावरील एहेगाव येथील पूल दरीच्या तळापासून सुमारे १८० फूट उंच असून तो घाटातील सर्वांत उंच पूल आहे. १ जानेवारी, १८६५ रोजी थळघाट मार्ग वाहतुकीस खुला झाला.

वऱ्हाडातील मार्ग

थळघाटाच्या मार्गाचे महत्त्व वऱ्हाडच्या कापसाशी निगडित होते. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून ईस्ट इंडिया कंपनीकडे आला. त्यापूर्वी अमरावतीच्या बाजारातील कापूस बैलांच्या तांड्यांवर लादून शेकडो मैल नेला जाई. वाटेतील धूळ व पाऊस यांमुळे मालाची प्रत उतरत असे आणि सरकीसह वाहतुकीचा खर्चही वाढत असे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर मँचेस्टरच्या गिरण्यांना अमेरिकन कापूस मिळेनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व मागणी आली.

भुसावळहून नागपूरकडे जाणारा फाटा मलकापूर, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर व बडनेरा या गावांवरून नेण्यात आला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील हा प्रदेश सपाट आहे. येथे चढापेक्षा काळ्या भुसभुशीत मातीवर भराव स्थिर करणे आणि पावसाळी नद्यांवर पूल बांधणे हीच मुख्य कामे होती. १८६७ मध्ये हा मार्ग नागपूरला पोहोचला. तोपर्यंत बर्कली यांच्या निधनास साडेचार वर्षे झाली होती.

मुख्य मार्ग खोऱ्याच्या मध्यातून गेल्यामुळे सातपुड्याच्या पायथ्याचे अचलपूर व त्यालगतची परतवाड्याची लष्करी छावणी रेल्वेपासून दूर राहिली. ही उणीव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मूर्तिजापूर-अचलपूर या अरुंद मापाच्या मार्गाने भरून निघाली. मूर्तिजापूर-यवतमाळ मार्गासह तो पुढे 'शकुंतला' या नावाने ओळखला जाऊ लागला. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरून धावणाऱ्या या गाडीने परतवाडा परिसरातील कापूस मूर्तिजापूरला आणि तेथून बर्कली यांच्या घाटमार्गाने मुंबईला जात असे.

परतवाड्याच्या पश्चिमेस, मेळघाटातील धूळघाट येथे चढणीच्या प्रश्नाचे निराळे उत्तर पाहावयास मिळते. अकोला-खंडवा या मीटर मापाच्या मार्गावर उंची गाठण्यासाठी रूळ पूर्ण वर्तुळाकार फिरवून स्वतःच्याच मार्गावरून पुलाने नेले होते. बर्कली यांनी जागेच्या अभावी गाडीची दिशा उलटी केली, तर येथे पुरेशी जागा उपलब्ध असल्याने मार्गालाच वेढा देण्यात आला. दोन्ही पद्धतींत चढ सौम्य ठेवण्यासाठी लांबी वाढवण्याचे तत्त्व एकच आहे.

लेखन व सार्वजनिक कार्य

बर्कली यांनी आपल्या कामाची माहिती व्याख्यानांतून आणि निबंधांतून सविस्तर मांडली. मुंबईच्या मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांनी १८५७ मध्ये बोरघाट व १८६० मध्ये थळघाट या विषयांवर निबंध वाचले. भारतीय रेल्वे व विशेषतः ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे यांविषयीचा त्यांचा निबंध १८६० मध्ये लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ सिव्हिल इंजिनिअर्ससमोर सादर झाला. घाटांतील चढ, पूल व बोगद्यांची मापे, खर्च आणि मजूर यांविषयीची बरीच माहिती या निबंधांमुळे उपलब्ध राहिली आहे.

मृत्यू

अकरा वर्षांच्या सततच्या श्रमांमुळे व हवामानामुळे बर्कली यांची प्रकृती ढासळली. १८६१ मध्ये ते इंग्लंडला परतले. २५ ऑगस्ट, १८६२ रोजी लंडनजवळील सिडनहॅम येथे त्यांचे निधन झाले. त्यानंतर आठ महिन्यांनी बोरघाटातून पहिली गाडी गेली.

मूल्यमापन

बर्कली यांच्या आखणीचे यश तिच्या दीर्घायुष्यात दिसते. बोरघाटातील रिव्हर्सिंग स्टेशन १९२९ पर्यंत वापरात होते. त्यानंतर नवे बोगदे खोदून मार्ग सुधारण्यात आला व त्याच सुमारास दोन्ही घाटांत विजेची इंजिने आली. मात्र १:३७ हा चढ आजही कायम आहे. म्हणूनच कर्जत व कसारा येथे गाड्यांना मागून ढकलणारी बँकर इंजिने जोडली जातात. मुंबईहून जाणारे प्रवासी या थांब्याचा अनुभव घेतात, तेव्हा ते बर्कली यांनी निश्चित केलेल्या गुणोत्तराचाच परिणाम अनुभवत असतात.

या कामाची दुसरी बाजूही आहे. घाईने झालेल्या बांधकामातील काही दोष नंतर उघड झाले. जुलै १८६७ मध्ये बोरघाटातील एक मोठा दगडी कमानपूल कोसळला. निकृष्ट दगडी कामाचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला आणि इतर पुलांचीही तपासणी करावी लागली. याहून गंभीर बाब मजुरांच्या जीवितहानीची आहे. अभियंते, ठेकेदार व गव्हर्नर यांची नावे इतिहासात नोंदली गेली. घाटात मरण पावलेल्या मजुरांची नावे मात्र कोणत्याही स्मारकावर नाहीत. त्यामुळे आधुनिक अभ्यासक या घाटमार्गांकडे केवळ एका अभियंत्याचे कर्तृत्व म्हणून न पाहता हजारो अनाम कष्टकऱ्यांची निर्मिती म्हणूनही पाहतात.

वारसा

बर्कली यांच्या स्मरणार्थ मुंबई विद्यापीठात अभियांत्रिकीच्या परीक्षेत प्रथम येणाऱ्या विद्यार्थ्यासाठी पारितोषिक ठेवण्यात आले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना १८८३ मध्ये हे जेम्स बर्कली पारितोषिक मिळाले होते.

प्रतिकृती रेल्वे तयार करणाऱ्या हौशी मंडळींनाही बर्कली यांनी सोडवलेला प्रश्न लहान प्रमाणात सोडवावा लागतो. १:८७ या प्रमाणातील प्रतिकृतीत एक मार्ग दुसऱ्यावरून नेण्यासाठी रूळ सुमारे साडेसात सेंटिमीटर उंच उचलावे लागतात. १:३७ चढ धरला तर त्यासाठी जवळजवळ २ मीटर ८० सेंटिमीटर लांबीची चढण लागते. टेबलावर एवढी जागा नसल्यास रुळांना वेढा देणे किंवा रिव्हर्सिंग स्टेशन करणे, हेच दोन मार्ग उरतात. चढाच्या पायथ्याशी व माथ्यावर एकदम कोन न ठेवता उतार हळूहळू बदलावा लागतो. अन्यथा डबे सुटतात किंवा इंजिनाची चाके अधांतरी राहतात. पुण्यातील कोथरूड येथे १९९८ मध्ये सुरू झालेल्या जोशी यांच्या लघुरेल्वे संग्रहालयात प्रतिकृती रेल्वेची ही रचना चालत्या स्वरूपात पाहता येते.

हेही पाहा

ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे
बोरघाट
थळघाट
जगन्नाथ शंकरशेट
शकुंतला रेल्वे
अचलपूर
परतवाडा